सोआवे: बाटली निवडण्यापासून ताटापर्यंत

सोआवे नावाची इटालियन पांढरी वाइन पहिल्यांदा पिणारा माणूस बहुतेक वेळा एक घोट घेतो, जरा थांबतो आणि म्हणतो, "हिला काही चवच नाही." मीही तेच म्हटलं होतं. व्हेरोनातल्या एका रेस्तराँमध्ये बाटली बर्फाच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून आणली होती. ग्लास धरला तर बोटं बधिर होत होती. गप्पांच्या नादात तो ग्लास तसाच राहिला आणि अर्ध्या तासाने उचलला, तेव्हा आतली वाइन निराळीच झाली होती. आधी नासपतीचा वास आला, मग कसल्यातरी पांढऱ्या फुलांचा. घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या टोकाला एक बारीक कडवटपणा उरला. लहानपणी जर्दाळूची बी दगडाने फोडून आतला गर खायचो, त्या गराची चव!

तो कडवटपणा हीच सोआवेची खूण आहे. तो दोष नव्हे, उलट ज्या बाटलीत तो लागत नाही तिच्याबद्दल मला शंका येते. सोआवे हळू आवाजात बोलणारी वाइन आहे. चुकीची बाटली आणली किंवा बाटली गोठवली, तर तिचं बोलणं ऐकूच येत नाही. ज्यांनी ती कधी आणलेली नाही, किंवा एकदा आणून नाद सोडून दिला, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: टेकडी आणि सपाटी यांतला फरक ओळखा

सोआवे हे मुळात गावाचं नाव. इटलीच्या ईशान्येला वेनेतो प्रांत आहे. त्यातल्या व्हेरोना शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर हे तटबंदीचं छोटं गाव आहे. चौदाव्या शतकात व्हेरोनावर स्कालिजेर घराण्याची सत्ता होती, त्यांनी बांधलेला तट आणि बुरूज अजून उभे आहेत. वर किल्ला, किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत उतरत आलेल्या द्राक्षबागा आणि खाली गाव. गावाच्या मागे, मोन्तेफोर्ते दाल्पोने या शेजारच्या गावापर्यंत, टेकड्यांची एक रांग जाते. खरी सोआवे या टेकड्यांवर पिकते.

पहिल्यांदा त्या टेकड्या चढले तेव्हा बांधावरचा एक दगड उचलून पाहिला. काळा, जड, भोकाभोकांचा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा दगड ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी ज्वालामुखींचे उद्रेक झाले आणि पुढे जमीन वर उचलली गेली. म्हणून मोन्तेफोर्तेच्या बाजूच्या टेकड्या काळ्या बेसाल्टच्या आहेत, तर सोआवे गावाजवळच्या काही चुनखडीच्या. दोन्हीकडची वाइन शेजारी शेजारी ठेवून प्यायली तर फरक कळतो. काळ्या दगडातली मला जरा धुरकट आणि खारट वाटते, चुनखडीवरची जास्त गोल आणि भरलेली.

द्राक्ष गार्गानेगा जातीचं. लांब, सुटसुटीत घड, जाडसर साल, आणि पिकायला उशीर लावणारं. तोडणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालते आणि तोवर मणी हिरव्याचे सोनेरी होतात. वेल वाढवायची जुनी पद्धत पाहिली की तासगावची किंवा नाशिकची आठवण होते, कारण तोही मांडवच आहे. तिकडे त्याला पेर्गोला म्हणतात. वेल डोक्यावर पसरतो आणि घड पानांच्या सावलीत खाली लोंबतात. मध्यंतरी या मांडवांना नावं ठेवली जायची, कारण त्यावर माल भरमसाट येतो. त्यामुळे अनेकांनी ते काढून तारांवर रांगेत वेल लावले. आता उन्हाळे तापू लागल्यावर त्याच सावलीची किंमत पुन्हा कळते आहे. सोआवेच्या या पारंपरिक द्राक्षबागांना २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

मग बेचव सोआवे येते कुठून? टेकड्यांचा हा मूळ भाग १९३१ मध्ये आखला गेला होता. पण १९६८ साली सोआवेला डीओसी, म्हणजे प्रदेशाच्या नावाचा कायदेशीर दर्जा मिळाला, तेव्हा खालची सपाट, सुपीक जमीनही त्यात आली. १९७०च्या दशकात अमेरिकेत सोआवेची लाट आली. मागणी भागवण्यासाठी सपाटीवरून टँकच्या टँक फिकी, पाणचट वाइन निघाली. नाव जगभर पोचलं आणि त्याच वेगाने उतरलं. आजही दुकानात सर्वांत स्वस्त सोआवे बहुधा सपाटीवरची असते.

दुसरी पायरी: लेबलावरचे शब्द

एवढे शब्द ओळखता आले की पुरे.

नुसतं "सोआवे" लिहिलेलं असेल तर द्राक्षं त्या संपूर्ण प्रदेशातून कुठूनही आलेली असू शकतात. सगळ्याच वाईट नसतात, पण तुमच्या हाती निवडीचा आधार काही राहत नाही.

"सोआवे क्लासिको" म्हणजे वर सांगितलेल्या जुन्या टेकड्यांवरची. नवख्याने पहिली बाटली हीच घ्यावी. या एका शब्दासाठी थोडे पैसे जास्त मोजावे लागतात आणि ते वसूल होतात.

"सोआवे सुपेरिओरे" हा २००१ मध्ये आलेला वरचा दर्जा, डीओसीजी. यात अल्कोहोल किमान १२ टक्के लागतं आणि वाइन बाजारात उशिरा येते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: टेकड्यांवरच्या अनेक उत्तम उत्पादकांनी हा शब्द वापरलाच नाही, ते क्लासिकोवरच राहिले. त्यामुळे सुपेरिओरे नाही म्हणून बाटली परत ठेवू नका.

"रेचोतो दि सोआवे" ही गोड वाइन. तिचं वेगळं लिहिते. जेवणासाठी म्हणून चुकून उचलू नका.

याशिवाय लेबलावर एखाद्या टेकडीचं किंवा बागेचं नाव दिसेल. २०१९ पासून अशी ३३ ठिकाणं अधिकृतपणे नावानिशी मान्य झाली आहेत. मोन्ते कार्बोनारे, फोस्कारिनो, फ्रोस्का अशी नावं वाचली की समजायचं, हा माणूस आपल्या जमिनीचं नाव पुढे करतो आहे. काही बाटल्यांवर "कापितेल" हा शब्द असतो. कापितेल म्हणजे वाटेकडेची, शेताच्या बांधावरची छोटी देवळी. आपल्याकडे शेताला बांधावरच्या म्हसोबावरून नाव पडतं, तसंच हे.

मागच्या लेबलावर द्राक्षं दिलेली असतील तर तीही पाहा. कायद्याने गार्गानेगा किमान ७० टक्के हवं. उरलेल्यात त्रेब्बियानो दि सोआवे किंवा शार्दने चालतं. त्रेब्बियानो दि सोआवे असेल तर उत्तम. हे द्राक्ष म्हणजे मार्के प्रांतातलं वेर्दिक्कियोच, हे डीएनए तपासणीतून सिद्ध झालं आहे. त्याने वाइनला आंबटपणाचा कणा मिळतो. शार्दने घातलेली सोआवे मला थोडी परकी वाटते. ती प्यायला सोपी होते, पण जर्दाळूच्या बीची ती चव मागे पडते.

कोणाची घ्यावी

एक नाव सांगायचं तर पिएरोपान. लिओनिल्दो पिएरोपान यांनी १९७१ मध्ये काल्वारिनो या एकाच बागेच्या द्राक्षांची वेगळी बाटली काढली. सोआवे म्हणजे स्वस्त माल असं समीकरण घट्ट होत होतं, त्या काळात हे धाडस होतं. काल्वारिनो म्हणजे छोटा काल्व्हरी, येशूला क्रुसावर चढवलं त्या टेकडीवरून पडलेलं नाव. तिथली जमीन कसायला इतकी अवघड आहे. तिच्यात गार्गानेगाबरोबर त्रेब्बियानो असतं आणि लाकडाचा स्पर्श नसतो. त्यांचीच ला रोक्का ही किल्ल्याजवळच्या चुनखडीच्या जमिनीवरची. ती निव्वळ गार्गानेगाची असते आणि लाकडी पिंपात मुरते. पण सुरुवात या दोन्हींनी करू नका, त्यांच्या साध्या क्लासिकोने करा. घराचा हात त्यातही कळतो.

जिनी, प्रा, इनामा आणि फित्ता या वाडीतल्या सुआविया यांच्या बाटल्याही डोळे झाकून घ्याव्यात अशा. सुआवियाची मोन्ते कार्बोनारे ही काळ्या दगडावरची सोआवे कशी लागते याचा धडाच आहे. आणखी एक नाव आन्सेल्मी. नियमांशी न पटल्यामुळे त्यांनी सोआवे हे नाव लेबलावरून काढूनच टाकलं. त्यांच्या बाटलीवर सोआवे शोधू नका, पण टेकड्या त्याच आहेत.

भारतात घेणार असाल तर आणखी एक काळजी. या नाजूक वाइन आहेत, उष्णता त्यांना सोसत नाही. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली कितीही मोठ्या नावाची असो, घेऊ नका. लेबलावरचं साल पाहा. साधी सोआवे दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची असते. टेकडीच्या नावाची, चांगल्या हातची बाटली पाच ते दहा वर्षं मजेत टिकते आणि वयाबरोबर मध आणि भाजलेल्या बदामाकडे झुकते. अर्थात ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेली असेल तरच. एप्रिल-मे महिन्यात घेतली तर गाडीच्या डिकीत ठेवून इतर कामं करत फिरू नका.

पुढची पायरी: गार करा, गोठवू नका

सोआवेचं योग्य तापमान १० ते १२ अंश. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो, म्हणजे फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर माझ्या त्या पहिल्या ग्लासासारखी गत होते. युरोपातल्या थंड खोलीत बाटली अर्धा तास आधी बाहेर काढतात. मुंबई-पुण्यात उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बाटलीच्या काचेवर दव जमून ओघळायला लागलं, की उघडा.

ग्लास खालून फुगलेला, वर जरा मिटलेला असावा. अगदी छोटे ग्लास नकोत, वासाला फिरायला जागा लागते. एक तृतीयांश भरा, जास्त नाही, कारण भरलेला ग्लास संपेपर्यंत कोमट होतो. बूच कॉर्कचं नसून फिरकीचं असेल तर हलकी बाटली समजू नका. पांढऱ्या वाइनला ते छान चालतं.

आता एक प्रयोग जरूर करा. पहिला घोट थंड असताना घ्या आणि ग्लास बाजूला ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा, मग आणखी दहा मिनिटांनी. पहिल्यांदा बहुधा लिंबाची साल आणि हिरवं सफरचंद येईल. नंतर नासपती, पीच, सोनचाफ्याइतका दाट नाही पण फुलांचा काहीतरी वास. घोट तोंडात दोन-तीन सेकंद धरून गिळा आणि मग काहीच न करता थांबा. कडवटपणा या थांबण्यात येतो. घाईने दुसरा घोट घेतला की तो निसटतो.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस नीट राहते. चांगली क्लासिको दुसऱ्या दिवशी जास्त खुलते, हा माझा नेहमीचा अनुभव.

ताटात काय हवं: आधी तिच्या माहेरचं

वेनेतोचं जेवण समजलं की सोआवे का तशी आहे ते समजतं. हे भाताचं, मक्याचं, माशांचं आणि कांद्याचं जेवण आहे. टोमॅटो आणि लसणाचा मारा इथे कमी.

रिसी ए बिसी म्हणजे तांदूळ आणि कोवळे मटार. खिचडीपेक्षा थोडी सैल, मटारच्या सालींच्या पाण्यात शिजवलेली, वर लोणी आणि चीज. व्हेनिसमध्ये संत मार्कच्या दिवशी, २५ एप्रिलला, पहिल्या मटारचा हा भात दोजेला, म्हणजे तिथल्या शासनप्रमुखाला, वाढण्याची प्रथा होती. कोवळ्या मटारची गोडी आणि सोआवेचा कडवटपणा एकमेकांना इतके धरून बसतात, की यापलीकडे जोडी सांगायची गरज नाही.

सार्दे इन साओर म्हणजे तारलीसारखे छोटे मासे तळून त्यावर भरपूर परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजांसारख्या बिया घालून दिवस-दोन दिवस मुरवलेले. व्हिनेगर वाइनला मारतं असं म्हणतात. इथे कांद्याची आणि बेदाण्यांची गोडी मध्ये उभी राहते, म्हणून जमतं.

तिसरा पदार्थ कोकणातल्या माणसाला जवळचा वाटेल. बाकाला आला व्हिचेंतिना म्हणजे सुक्या मासळीचं कालवण! नॉर्वेत वाऱ्यावर लाकडासारखा कडक वाळवलेला कॉड मासा आणून तो दिवसेंदिवस पाण्यात भिजवतात. मग कांदा, दूध आणि तेलात तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात. ढवळत नाहीत, फक्त भांडं हलवतात. व्हेनिसचा कप्तान पिएत्रो क्वेरिनी १४३२ च्या हिवाळ्यात जहाज फुटून नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर पोचला. ही मासळी वेनेतोत आणण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. कालवणाबरोबर पोलेंता असते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हा जड पदार्थ आहे, त्याला साधी सोआवे पुरत नाही. सुपेरिओरे किंवा ला रोक्कासारखी भरलेली बाटली काढा.

वसंतात बास्सानोचे पांढरे अस्पॅरॅगस उकडलेल्या अंड्याबरोबर खातात. अस्पॅरॅगसपुढे बऱ्याच वाइन विचित्र लागतात, सोआवे सांभाळून घेते. लेस्सिनिया डोंगरातलं मोन्ते व्हेरोनेसे चीजही तिचंच. ताजं, मऊ घ्या, फार जुनं नको.

आणि आपल्या ताटात

नियम एकच पाळा: तिखट वाढलं की सोआवे हरते. मिरचीने अल्कोहोलची झोंब वाढते आणि तो सुंदर कडवटपणा नुसता कडू होतो. मिसळ, तांबडा रस्सा, झणझणीत मालवणी कालवण यांच्याबरोबर ती उघडणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. मेथी आणि कारलंही नको, कडूवर कडू चढतं. सोलकढी आणि सोआवे एका वेळी नको, कोकमच्या आंबटापुढे वाइन सपाट लागते.

जमतं ते मात्र फार छान जमतं. रवा लावून तळलेलं पापलेट, वर लिंबू, तिखट बेताचं. नारळाच्या दुधातली कोलंबी. सुरळीच्या वड्या तर तिच्यासाठीच केल्यासारख्या, बेसनाचा मऊपणा आणि वरचं ओलं खोबरं दोन्ही वाइनला पुढे आणतात. माझी सगळ्यांत आवडती जोडी वालाचं बिरडं. वालाला स्वतःची एक कडवट छटा असते. ओलं खोबरं आणि चिमूटभर गूळ ती मऊ करतात, आणि सोआवे नेमकी तिथे येऊन मिळते. हिरवी मिरची निम्मी करा, बाकी काही बदलू नका. गोडा मसाला घातलेल्या मसालेभाताला सुपेरिओरे लागते, आणि त्यावर तूप असू द्या.

शेवटी गोड: रेचोतो

व्हेरोनाच्या बोलीत कानाला रेचिया म्हणतात. घडाच्या वरच्या बाजूला फुटलेले दोन लहान घोस कानांसारखे दिसतात. त्यांना ऊन जास्त मिळतं म्हणून साखरही जास्त. गोड वाइनसाठी ते निवडून घ्यायचे, त्यावरून रेचोतो. आज निवडक घड तोडून माळ्यावर टांगून किंवा ताटल्यांवर पसरून महिनोन्‌महिने सुकवतात आणि हिवाळ्यात ते अर्धवट बेदाणे झाले की चिरडतात. रस फार थोडा निघतो, म्हणून बाटली छोटी आणि महाग. १९९८ मध्ये डीओसीजी मिळवणारी ही वेनेतोतली पहिली वाइन.

रंग पिवळाजर्द, वास सुक्या जर्दाळूचा आणि मधाचा. व्हेरोनात ती नाताळात पांदोरोबरोबर पितात. पांदोरो हा लोण्याचा उंच, चांदणीच्या आकाराचा केक याच शहराचा. घरी चिरोटे किंवा नानकटाई असेल तर काढा. खाऊ वाइनपेक्षा गोड असता कामा नये, म्हणून जिलेबी आणि गुलाबजाम दूर ठेवा.

प्रत्यक्ष जायचं झालं तर

मिलानहून व्हेनिसला जाणारे बरेच मराठी प्रवासी सोआवेच्या किल्ल्याखालूनच जातात, हायवेवरून तो स्वच्छ दिसतो. व्हेरोनाच्या पोर्ता नुओवा स्टेशनवरून पादोव्हाकडे जाणारी साधी लोकल गाडी घ्या आणि सान बोनिफाचोला उतरा. तिथून गाव चार-पाच किलोमीटरवर आहे. भाड्याची मोटार घेऊन चाखायला जाऊ नका. इटलीत चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, ती चार-पाच वाइन चाखताना नकळत ओलांडली जाते. चाखून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला संकोच करू नका. तिथे त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

बहुतेक वाइनरी घरगुती आहेत, आधी कळवून जा. तोडणीच्या दिवसांत सगळे बागेत असतात, तेव्हा वेळ मिळेलच असं नाही. वेळ मिळाली तर द्राक्षं सुकवायचा माळा दाखवाल का, एवढं जरूर विचारा. आणि किल्ल्यामागून टेकडीवर जाणाऱ्या वाटेने मांडवांखालून चालताना बांधावरचा काळा दगड एकदा हातात घेऊन बघा.